मुलाचे वय आणि संसदेचा काळ

जयपूरच्या जुन्या शहरात, परकोटाच्या आत, मनिहारांचा रस्ता या नावाने ओळखली जाणारी एक गल्ली आहे. तेथे लाखेच्या बांगड्या घडविल्या जातात. निखाऱ्यावर लाख मऊ करावयाची, तिला रंग द्यावयाचा, वळून कडे तयार करावयाचे आणि ते थंड होण्यापूर्वी त्यावर बारीक खडे बसवावयाचे, असा हा व्यवसाय आहे. जवळच जोहरी बाजाराच्या आसपास रत्नांना पैलू पाडण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हे दोन्ही व्यवसाय शहराचे भूषण होत. परंतु खडे बसविण्यास लहान बोटे सोयीची पडतात, आणि लहान बोटांची मजुरीही लहान असते. त्यामुळे या उद्योगांतून मुलांना कामास लावण्याची प्रथा फार काळ टिकून राहिली. एकविसाव्या शतकातही, बिहारसारख्या दूरच्या राज्यांतून आणलेल्या मुलांची जयपूरच्या बांगड्यांच्या कारखान्यांतून वेळोवेळी सुटका करावी लागली आहे.

अशा मुलाची सकाळ कोणाच्या मालकीची असते? कारखानदाराच्या, आईबापांच्या की त्या मुलाच्या स्वतःच्या? मुलाच्या स्वतःच्या असे उत्तर द्यावयाचे, तर ते मिळवून देण्याची जबाबदारी कोणावर, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. भारताच्या राज्यघटनेने या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देण्यास साठ वर्षे घेतली. ते उत्तर म्हणजे राज्यघटनेचे कलम २१-अ. ८६ व्या घटनादुरुस्तीने ते घटनेत आले. या दुरुस्तीचा मसुदा संसदेत कसा तपासला गेला, त्यातील कोणते शब्द गळले, कोणते नवे आले आणि कोणते यावयास हवे असूनही आले नाहीत, हे पाहिले म्हणजे संसदेच्या छाननीची शक्ती कळते आणि तिच्या मर्यादाही ध्यानात येतात.

एक फेटाळलेली छाननी

या कथेचा आरंभ दिल्लीच्या आजच्या संसदेपूर्वीचा आहे. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची मागणी अत्यंत सौम्य होती. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, तोही जेथे मुलांची ठराविक संख्या आधीच शाळेत जात असेल तेथेच, आणि प्रथम केवळ मुलग्यांसाठी, एवढेच त्यात म्हटले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला होता आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला होता. एका देशी संस्थानिकाला जे साधले ते ब्रिटिश सरकारला का साधू नये, असा गोखल्यांचा युक्तिवाद होता.

मार्च १९१२ मध्ये हे विधेयक निवड समितीकडे सोपवावे असा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या मतदानाने विधेयक तर नामंजूर झालेच, पण कलमागून कलम घेऊन ते तपासण्याची संधीही नाकारली गेली. परकीय सत्तेच्या कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत असे. तेव्हा प्रश्न तपासण्यापूर्वीच मिटविणे त्यांना शक्य होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी तसा कायदा झाला. पण संपूर्ण देशासाठीचा प्रश्न तसाच राहिला.

घटनासभेतील एक वाक्य

स्वातंत्र्यानंतर घटनासभेपुढे आलेल्या मसुद्यातील ३६ व्या कलमाचा आरंभ असा होता की, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे. आणि पुढे, राज्यसंस्था दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करील असे म्हटले होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली. बंगालचे लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुचविले की, हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणात हक्काची भाषा विसंगत ठरते. म्हणून पहिला भाग गाळावा. ही सूचना स्वीकारली गेली. हक्क हा शब्द गेला, प्रयत्न हा शब्द राहिला.

त्याच दिवशी दुसरी एक सूचना अशी आली की, शिक्षण या शब्दामागे प्राथमिक हे विशेषण लावावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांनी दाखविलेले कारण जयपूरच्या बांगड्यांच्या गल्लीला तंतोतंत लागू पडते. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास घटनेच्या दुसऱ्या एका कलमाने बंदी केली आहे; मग त्या वयापर्यंत मूल कामावर नसेल तर ते कोठे असावे? ते एखाद्या शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे. कामाची बंदी आणि शाळेची तरतूद ही दोन कलमे एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अंतिम घटनेत यांपैकी पहिले कलम २४ आणि दुसरे कलम ४५ झाले. फरक एवढाच की, कलम २४ हा मूलभूत हक्क होता, तर कलम ४५ हे केवळ मार्गदर्शक तत्त्व.

कलम ४५ मध्ये दिलेली दहा वर्षांची मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपली. मुदत दिलेले असे दुसरे मार्गदर्शक तत्त्व घटनेत नव्हते, आणि ते पाळले न गेल्याबद्दल कोणास जाब विचारावा असे स्थानही नव्हते. राजस्थानने १९६४ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. अन्य अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. परंतु या जुन्या कायद्यांची घडण मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड करण्याची होती. शाळाच नसेल तर सरकारला दंड करण्याची सोय त्यांत नव्हती. साहजिकच ते कायदे बहुतांशी कागदावर राहिले. १९९१ च्या जनगणनेत राजस्थानातील साक्षरतेचे प्रमाण ३८.५५ टक्के आणि स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण अवघे २०.४४ टक्के होते. याचा अर्थ, त्या राज्यात सात वर्षांवरील दर पाच स्त्रियांपैकी चौघींना अक्षरओळख नव्हती.

कायदा स्वस्थ बसलेला असताना काही माणसे मात्र स्वस्थ बसली नव्हती. १९८७ मध्ये शिक्षाकर्मी प्रकल्प आणि १९९२ मध्ये लोकजुंबिश हे दोन प्रयोग राजस्थानात सुरू झाले. जेथे नेमलेला शिक्षक टिकत नसे अशा दूरच्या गावी गावातीलच तरुणाला शिकवून शिक्षक करावयाचे. दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी सवडीच्या वेळी शाळा भरवावयाची. गावाचा नकाशा काढून कोणत्या घरातील कोणते मूल शाळेबाहेर आहे हे गावकऱ्यांकडूनच नोंदवून घ्यावयाचे, असे त्यांचे स्वरूप होते. शिक्षणाची मागणी गरीब माणसाला नसते, हा समज या प्रयोगांनी खोटा ठरविला.

विधेयकाचा जन्म

४ फेब्रुवारी १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने उन्नीकृष्णन खटल्यात निर्णय दिला की, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा अर्थ न्यायालयाने कलम ४५ च्या प्रकाशात लावला. ४४ वर्षांपूर्वी घटनासभेने काढलेला शब्द न्यायालयाने अशा रीतीने परत आणला.

न्यायालयाने सांगितलेला हक्क घटनेत लिहून ठेवावा काय, याचा विचार करण्यासाठी १९९६ मध्ये मुहीराम सैकिया यांच्या अध्यक्षतेखाली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची समिती नेमण्यात आली. तिने जानेवारी १९९७ मध्ये घटनादुरुस्तीची शिफारस केली. त्यानुसार जुलै १९९७ मध्ये ८३ वे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडण्यात आले.

विधेयक प्रथम राज्यसभेत मांडले गेले ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. लोकसभा विसर्जित झाली म्हणजे तिच्यापुढील विधेयके रद्द होतात. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेकडे न गेलेले विधेयक मात्र जिवंत राहते. ४ डिसेंबर १९९७ रोजी अकरावी लोकसभा विसर्जित झाली आणि एप्रिल १९९९ मध्ये बारावी. दोन निवडणुका झाल्या, सरकारे बदलली, तरी हे विधेयक राज्यसभेच्या दप्तरात टिकून होते.

समितीचे काम कसे चालते

संसदेचे खरे तपासणीचे काम सभागृहापेक्षा समितीच्या खोलीत अधिक होते. १९९३ पासून भारतीय संसदेत मंत्रालयनिहाय स्थायी समित्या आहेत. १९९७ मध्ये त्या १७ होत्या आणि प्रत्येकीत लोकसभेचे ३० व राज्यसभेचे १५ असे ४५ सदस्य असत. २००४ पासून समित्यांची संख्या २४ आणि सदस्यांची ३१ झाली. मंत्र्याला या समितीचे सदस्य होता येत नाही. तिच्या बैठका बंद दाराआड होतात. त्यामुळे सदस्याला वृत्तपत्रांसाठी भाषण करावे लागत नाही आणि विरोधी बाजूचे म्हणणे मान्य करताना संकोचही वाटत नाही. समिती मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून प्रश्न विचारते, जाणकारांच्या साक्षी घेते, लोकांकडून निवेदने मागविते, आणि नंतर एकेक कलम घेऊन आपला अहवाल तयार करते. ज्या सदस्यास तो मान्य नसेल तो आपले भिन्न मत जोडू शकतो. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. त्याचे वजन त्यातील युक्तिवादाइतकेच असते.

८३ वे विधेयक मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या स्थायी समितीकडे गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये समितीने अहवाल सादर केला. न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानेही या विषयावर स्वतःहून विचार करून नोव्हेंबर १९९८ मध्ये आपला १६५ वा अहवाल दिला. उन्नीकृष्णन खटल्यातील बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती तेच होते. २००१ मध्ये सरकारने जुने विधेयक मागे घेऊन ९३ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले, तेव्हा त्याच्या उद्देशपत्रिकेत या दोन्ही अहवालांचा विचार केल्याचे नमूद केले होते.

दोन मसुद्यांची तुलना

१९९७ आणि २००१ चे मसुदे शेजारी ठेवून वाचले म्हणजे छाननीचे फळ डोळ्यांपुढे येते.

पहिला बदल एका शब्दाचा. १९९७ च्या मसुद्यात सहा ते चौदा वर्षांच्या सर्व नागरिकांना शिक्षण देण्याची भाषा होती; २००१ च्या मसुद्यात सर्व मुलांना असे शब्द आले. ज्याच्या कुटुंबाचा ठावठिकाणा दर हंगामात बदलतो, ज्याच्या जन्माची नोंद कोठेच नाही, अशा मुलाला नागरिकत्व सिद्ध करावयास सांगणे म्हणजे शाळेचे दार पुन्हा बंद करणे होय. मूल असणे सिद्ध करावे लागत नाही.

दुसरा बदल खाजगी शाळांविषयी. जुन्या मसुद्यातील तिसऱ्या उपकलमाने सरकारी अनुदान न घेणाऱ्या शाळांना या हक्काच्या कायद्यातून संपूर्णपणे वगळले होते. विधि आयोगाला ही सूट मान्य नव्हती. मान्यता हवी असेल तर अशा शाळांनी निम्म्या विद्यार्थ्यांना मोफत शिक्षण द्यावे, येथपर्यंत आयोग गेला होता. २००१ च्या मसुद्यात हे उपकलम नव्हते. वगळणारे वाक्यच नाहीसे झाल्यामुळे पुढील कायद्याला वाट मोकळी झाली. या बदलाचे परिणाम जयपूरपर्यंत कसे पोहोचले हे पुढे येईलच.

तिसरा बदल कलम ४५ विषयी. जुन्या विधेयकाने ते कलम काढून टाकावयाचे ठरविले होते. नव्या विधेयकाने ते ठेवले, पण सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण यांपुरतेच, आणि तेही प्रयत्नाच्या भाषेत. याचा अर्थ न्यायालयाने जन्मापासून चौदा वर्षांपर्यंत सांगितलेल्या हक्कातून पहिली सहा वर्षे कमी झाली. मुलाच्या शरीराची व बुद्धीची सर्वांत वेगाने वाढ होते ती याच वर्षांत. शिवाय, घरी लहान भावंड असते म्हणून कित्येक मुली शाळेत येत नाहीत. अंगणवाडी नसेल तर मोठ्या बहिणीचा हक्कही अपुरा राहतो. हा आक्षेप संसदेत आणि संसदेबाहेर घेतला गेला, पण मसुदा बदलला नाही.

चौथा बदल सर्वांत कमी चर्चिला गेला आणि सर्वांत महाग पडला. हक्काच्या अंमलबजावणीचा कायदा घटनादुरुस्ती अमलात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा, अशी तरतूद १९९७ च्या मसुद्यात होती. २००१ च्या मसुद्यात ती राहिली नाही. राज्यसंस्था कायद्याने ठरवील त्या रीतीने हा हक्क मिळेल, एवढेच शब्द उरले. आणि दुरुस्ती केव्हा अमलात आणावयाची ती तारीख ठरविणे सरकारवर सोपविले गेले.

पैशाची बाब अर्थातच होती. प्रा. तापस मजुमदार यांच्या समितीने १९९९ मध्ये दहा वर्षांत सुमारे १,३७,००० कोटी रुपये अधिक लागतील असा हिशेब केला होता. विधेयकाच्या आर्थिक निवेदनात मात्र वर्षाला ९,८०० कोटी, म्हणजे दहा वर्षांत ९८,००० कोटी रुपये धरलेले होते. या दोन आकड्यांतील अंतर सुमारे ३९,००० कोटींचे. शिक्षक किती, एका वर्गात मुले किती, पगार कोणत्या श्रेणीत, या प्रश्नांची उत्तरे त्या अंतरातच दडलेली होती.

मतदान

घटनादुरुस्तीसाठी साधे बहुमत पुरत नाही. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांची संमती, अशा दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. दोन सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक घेऊन तो मिटविण्याची सोयही येथे नाही. नवे विधेयक नोव्हेंबर २००१ मध्ये मांडले गेले आणि २८ नोव्हेंबरला लोकसभेने ते एकही विरोधी मत न पडता मंजूर केले. १४ मे २००२ रोजी राज्यसभेची मंजुरी मिळाली. १२ डिसेंबर २००२ रोजी राष्ट्रपतींनी संमती दिली. पूर्वीच्या काही विधेयकांचे क्रम बदलल्याने ९३ वे विधेयक ८६ वी घटनादुरुस्ती झाले.

एकमताने झालेले मतदान ही समाधानाची गोष्ट खरी. पण छाननीच्या दृष्टीने एकमत फसवेही असू शकते. ज्या उद्देशास कोणाचाच विरोध नसतो, त्याच्या तपशिलाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक. पहिले विधेयक समितीने सावकाश तपासले होते. दुसरे, जे प्रत्यक्ष घटनेत गेले, ते लोकसभेत थोड्याच दिवसांत पार पडले. एका वर्षाची मुदत गळाली ती या दुसऱ्या मसुद्यात.

आणखी एक मुद्दा आहे. घटनेच्या काही भागांत दुरुस्ती करावयाची तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते. मूलभूत हक्कांचा भाग त्यात येत नाही. म्हणून ज्या राज्यांना शाळा चालवावयाच्या होत्या, त्यांच्या विधानसभांना ही दुरुस्ती मान्य आहे काय असे विचारण्याचा प्रसंगच आला नाही. जयपूरच्या विधानसभेकडे हा विषय पुढे नियम, शिक्षकभरती आणि अंदाजपत्रक यांच्या रूपाने आला.

आठ वर्षांचा अवकाश

१२ डिसेंबर २००२ रोजी सहा वर्षांचे झालेले एक मूल कल्पावे. त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती झाली आणि त्याचा हक्क घटनेच्या पुस्तकात छापला गेला. परंतु तो अमलात आणणारा कायदा नव्हता. कायद्याचे मसुदे होत गेले आणि मागे पडत गेले. डिसेंबर २००८ मध्ये विधेयक राज्यसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, जुलै व ऑगस्ट २००९ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, २६ ऑगस्ट २००९ रोजी त्यास संमती मिळाली. घटनादुरुस्ती आणि कायदा दोन्ही १ एप्रिल २०१० पासून अमलात आले. त्या वेळी आपले मूल तेरा वर्षे उलटून गेलेले होते. आठ वर्षांच्या हक्कापैकी त्याच्या वाट्याला जेमतेम आठ महिने उरले.

संसदेच्या काळाचे एकक अधिवेशन हे असते, सरकारचे पंचवार्षिक मुदत हे असते. मुलाच्या काळाचे एकक इयत्ता हे आहे. पहिली इयत्ता एकदाच येते. मोठ्या माणसाचा हक्क उशिरा मिळाला तरी काही अंशी मिळतो. मुलाचा हक्क उशिरा मिळाला तर तो दुसऱ्याच मुलाला मिळतो.

२००९ च्या कायद्याने जुन्या कायद्यांची घडण उलटी केली, हे मात्र त्याचे मोठे श्रेय आहे. सक्ती या शब्दाची व्याख्याच अशी करण्यात आली की, ती सरकारवरील सक्ती होय: प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे याची खात्री शासनाने करावयाची. दंडाची भीती दाखवून पालकाला शाळेकडे हाकलण्याचा काळ संपला. घटनेच्या कलम ५१-अ मध्ये पालकांचे कर्तव्य नव्याने लिहिले गेले, परंतु ते न पाळल्याबद्दल शिक्षा नाही.

जयपूरहून दिल्लीला

कायद्याच्या बाराव्या कलमानुसार विनाअनुदान खाजगी शाळांनीही पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्यावयाच्या असतात. त्यांचा खर्च सरकार परत करते. सरकारी शाळेत एका मुलामागे येणारा खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. १९९७ च्या मसुद्यातील ते तिसरे उपकलम टिकले असते, तर ही तरतूद करता आली नसती.

तिला आव्हान देणाऱ्या याचिकांत अग्रभागी होती राजस्थानातील विनाअनुदान खाजगी शाळांची संघटना. तिच्याच नावाने हा खटला ओळखला जातो. आपल्या पैशाने आपली संस्था चालविणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे. शिक्षण देण्याचे कर्तव्य घटनेने राज्यसंस्थेवर टाकले आहे, ते राज्यसंस्थेने आमच्या खांद्यावर ढकलू नये, असा तिच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरविला. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया आणि न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांचे मत असे की, हा कायदा मुलाला केंद्रस्थानी ठेवणारा आहे आणि पंचवीस टक्क्यांची अट हे व्यवसायस्वातंत्र्यावरील वाजवी बंधन आहे. विनाअनुदान अल्पसंख्य शाळांना मात्र ती लागू होणार नाही. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते घटनेने टाकलेले ओझे सरकारचेच होते. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती खटल्यात कलम २१-अ ची वैधता कायम केली आणि सर्वच अल्पसंख्य शाळांना या कायद्याबाहेर ठेवले. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या सरसकट सवलतीविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

न्यायालयाने कायदा उचलून धरला तरी तो आतून झिजविता येतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस पंचवीस टक्क्यांच्या अटीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द ठरविला. संसदेने मसुद्यातून काढलेली सूट नियमाच्या मागल्या दाराने परत येऊ पाहते, याचे हे उदाहरण होय. म्हणून छाननी विधेयक मंजूर होताच संपत नाही.

पुन्हा बांगड्यांच्या गल्लीत

डॉ. आंबेडकरांनी जोडून दाखविलेली दोन कलमे शेवटी पुन्हा एकत्र पाहिली पाहिजेत. शाळेचा हक्क २०१० मध्ये लागू झाला. बालमजुरीचा १९८६ चा कायदा मात्र काही धोकादायक धंद्यांपुरताच होता. चौदा वर्षांखालील मुलाला अन्यत्र कामास ठेवणे अवैध नव्हते. एकाच मुलाने एकाच वेळी शाळेत असावे आणि कामावरही असू शकावे, अशी ही विसंगती होती. ती दूर करणारे विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत आले. त्यात सर्व धंद्यांत बंदी होती, पण शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या कामात मदत करण्यास मोकळीक होती. श्रमविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०१३ मधील अहवालात या मोकळिकीस हरकत घेतली. घरात काम करणाऱ्या मुलांवर सरकार लक्ष ठेवणार कसे, हा तिचा प्रश्न होता. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त झाला तेव्हा ही मोकळीक कायम राहिली.

जयपूरसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. लाखेचे कडे आणि खड्यांचे पैलू ही घराघरांतून होणारी कामे आहेत. दाराआड खडे बसविणारे मूल त्या घरचे आहे की दूरच्या गावाहून आणलेले, ते शाळेनंतर बसले आहे की शाळेऐवजी, हे रस्त्यावरून जाणाऱ्या निरीक्षकाला कळत नाही. ते कळते शाळेच्या हजेरीपटावरून. ज्या वर्गात रोज हजेरी घेतली जाते आणि न आलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जाऊन चौकशी करते, तेथे कारखानदाराला मूल मिळत नाही.

१४ नोव्हेंबर २०२१ रोजी राजस्थान विधानसभेच्या सभागृहात मुलांचे सत्र भरविण्यात आले. आमदारांच्या आसनांवर मुले बसली आणि त्यांनी प्रश्न विचारले. एका दिवसाचा तो उपक्रम कायदा करणारा नव्हता. तरी त्यातील दृश्य विचार करावयास लावणारे होते. अठरा वर्षांखालील व्यक्तीस मत नसते. ज्यांना मत नसते त्यांच्या हक्काचा मसुदा इतरांनी तपासावयाचा असतो आणि त्या तपासणीतील चूक इतरांना जाणवत नाही. कलम २१-अ च्या मसुद्यात नागरिक या शब्दाऐवजी मूल हा शब्द आला, तेव्हा तपासणाऱ्यांची नजर मुलावर होती. एका वर्षाची मुदत गळाली, तेव्हा ती नजर अन्यत्र होती. पहिल्या बदलाचा लाभ कोट्यवधी मुलांना मिळाला. दुसऱ्याची किंमत एका संपूर्ण पिढीने आपल्या शाळेच्या वर्षांनी चुकविली. पुढचे विधेयक हाती घेताना कोणत्याही समितीने प्रथम आपल्या समोर एक सहा वर्षांचे मूल उभे आहे असे मानावे, आणि अहवाल पुरा होईपर्यंत ते किती वर्षांचे होईल, याचा हिशेब मांडावा.